मिनिटाला सहा श्वास

जावईबापूंना सासूचे पोटभर आशीर्वाद. तुमची कंबर, तुमची झोप आणि तुमचा राग तिन्ही आपापल्या जागी असतील असं धरून चालते. आम्ही दोघी, म्हणजे मी आणि तुमची लेक, इथे भाड्याच्या खोलीत मजेत आहोत. माझा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, सपाटीवर गप्प बसतो. पत्र मी सांगतेय आणि नात लिहितेय, कारण मला अक्षर येत नाही. (ती विचारते, तू रागावून बोलशील तेही लिहू का? म्हटलं, तेच आधी लिही.)

तुम्ही फोनवर म्हणालात, पंधरा दिवसांनी शनिवारी येतो आणि पोरीला घरी नेतो, नर्सिंग हिच्याने होणार नाही. मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलात, म्हणून हे पत्र. पत्र फोनसारखं मध्येच ठेवून देता येत नाही.

तुम्हाला अर्धंच कळलंय. आजारी माणसं, त्यांचे रडणारे नातेवाईक, वर परीक्षा, या सगळ्यात मुलींचं मन टिकावं म्हणून कॉलेजने बुधवारचा एक तास काढलाय. डोळे मिटून श्वास मोजायचा, एकमेकींचे तळपाय चोळायचे, रुमालावर सुगंधी तेलाचा थेंब टाकून हुंगायचा. शिकवणाऱ्या बाईंना मुली हळूबाई म्हणतात, कारण त्यांचं ‘बसा’ म्हणून होईपर्यंत माणूस उभ्याउभ्या दमतो. त्यांनी शिकवलं, चार आकडे होईपर्यंत श्वास घ्या, सहा होईपर्यंत सोडा. तुमच्या लेकीने हे इतकं मनावर घेतलं की कांदा चिरतानाही चार आणि सहा. डोळ्यांतून धारा आणि चेहरा अगदी शांत.

मग वॉर्डात तिला एका निवृत्त मास्तरांचे श्वास मोजायला सांगितले. (मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नसतं, कळलं की तो शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची. ही चोरटी विद्या मला फार आवडली.) ही पहिल्यांदाच एकटी. छातीत धडधडायला लागलं, म्हणून आपलं चार-सहा सुरू केलं, आणि मिनिटभराने कागदावर आकडा टाकला, सहा. धडधाकट माणसाचे सोळाएक असतात. सहा म्हणजे माणूस निघालाच. मोठ्या सिस्टर धावल्या, डॉक्टर धावले, ऑक्सिजन आला, आणि मास्तर पेपरातून डोकं वर काढून विचारतायत, कोणाला काय झालं? पोरीने त्यांचे नाही, स्वतःचेच मोजले होते. ऐकून मी हसले नाही. (हसले. ती म्हणते, खरं सांग.)

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “तुझी तब्येत उत्तम आहे गं, पण तुला इथे कोणी भरती केलेलं नाही.” मग ही चादरींच्या खोलीत जाऊन रडली आणि तिथूनच तुम्हाला फोन लावला. तुम्ही ऐकलंत ते एवढंच.

आता पुढचं ऐका. त्या बुधवारी हळूबाईंना चोळायला म्हातारे पाय हवे होते, म्हणून मी माझे घेऊन गेले. आधी त्यांनी हातावर एक बेदाणा ठेवला. म्हणाल्या, नीट बघा, हुंगा, बोटांत फिरवा, मग खा. तोवर मी दुसरा मागितला होता. पाय मात्र पोरींनी असे चोळले की गुडघासुद्धा विरघळला. निघताना मी विचारलं, बाई, सगळं छान आहे, पण पोरीने वॉर्डात श्वास मोजायचा कोणाचा? त्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पटकन उत्तर दिलं असेल. “स्वतःचा दाराबाहेर, पेशंटचा खाटेपाशी.”

दोनच दिवसांनी ही वॉर्डाच्या दाराशी थांबली, चार-सहा तीनदा केलं आणि मग आत गेली. खाटेवर एक शिंपीणबाई होत्या, तोंडाचा पट्टा चालू. हिने मोजले, बत्तीस. पुन्हा मोजले, चौतीस. सरळ जाऊन सांगितलं. सिस्टरनी हिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ही म्हणाली, “माझे नाहीत. तुम्ही बघा.” त्यांनी बघितलं, आणि मग खरी धावपळ झाली. शिंपीणबाई आता उशीला टेकून नर्सांच्या गणवेशाच्या शिवणीला नावं ठेवतायत. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “बरोबर मोजलंस.” त्या कोणाला एवढंही म्हणत नाहीत.

तेव्हा पोरगी इथेच राहणार. मला अजिबात काळजी नाही. तुमचा राग पत्र वाचेपर्यंत निवला असेल तर माझ्या लेकीला आशीर्वाद सांगा, नसेल तर आधी पाणी प्या.

तुमची सासू

ता. क. शनिवारी याच. हळूबाईंनी त्या दिवशी नातेवाइकांना बोलावलंय, मुलींना चोळायला पाय कमी पडतायत. धुऊन आणा.

ता. क. बेदाणा एकच देतात. खाऊन निघा.

लिहिणारीकडून: बाबा, आजीने सांगितलं तसंच लिहिलंय. ‘मला अजिबात काळजी नाही’ म्हणून ती जरा थांबली, तेव्हा मी तिचं मनगट धरलं. तिला वाटलं, लाडाने धरलंय. मिनिटाला अठ्ठावीस. दोनदा मोजले. माझे नाहीत.