शेळीचं माप

दहिवडी,
९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल. ज्वारी गुडघ्याएवढी झालीय. काळी शेळी व्याली, दोन्ही पिल्लं दणकट आहेत. तुझी आई भाकरी खायला लागली आणि मला बोलायलाही लागली, तेव्हा ती बरी आहे असं समज.

रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आई शेजारी असते. तीनदा सांगायला घेतलं, तिन्ही वेळा ज्वारीवरच बोललो.

मामीच्या बासुंदीने आई आजारी पडली म्हणून तू मामीशी अबोला धरलायस, तो सोड. बासुंदी चांगली होती. मीही दोन वाट्या प्यायलो होतो.

गुडघ्याच्या ऑपरेशनआधी आईचं वजन उतरवा, असं डॉक्टर म्हणाले होते. साताऱ्यातल्या एका जिमवाल्याने मला पेप्टाइडची कुपी दिली. "आवं लालासाहेब, असलं आपलं अंग सोत्ताच बनवतंय. प्रोटीनचा बारका तुकडा. भूक मारतंय निस्ता." पांढरी पूड, पाणी घालून टोचायची. मला हसू आलं. शेळ्यांच्या पीपीआर रोगाची लसही अशीच येते, आणि वीस वर्षं गावभर ती मीच टोचतो. इन्सुलिनच्या सुईवर दहाच्या रेषेपर्यंतच भरा, असं त्याने चिठ्ठीवर लिहिलं होतं. मी कशाला बघतोय! शेळीला एक मिली, म्हणून हिलाही सुई शंभराच्या रेषेपर्यंत गच्च भरली. दसपट गेली. कुपीवर 'माणसांसाठी नाही' असं छापलेलं, तेही नंतर वाचलं.

तीन दिवस ती ओकत होती. तुमच्या सांगलीच्या दवाखान्यात सलाईन लावताना डॉक्टरांनी विचारलं, काही इंजेक्शन वगैरे घेतलंय का? मी सलाईनची बाटली बघत बसलो. तीच म्हणाली, "न्हाई वो, बासुंदी बाधली."

पोरी, मला फार लाज वाटते. तू नर्स, दिवाळीत बजावलं होतंस, की डॉक्टर तपासून देतात ते औषध घ्या, असल्या बेनामी कुप्यांना हात लावू नका. मी मान डोलावली. तेव्हा कुपी फ्रिजमध्ये लसीशेजारीच होती.

गुरुवारी ऑपरेशनचं ठरणार. भूल देणाऱ्यांना हे कळलंच पाहिजे. कुपी घेऊन मी येतोच आहे, पण तिथं माझी जीभ अडली तर हे पत्र त्यांना दे.

त्या दिवसापासून मी सुईला हात लावला नव्हता. कळपाची लस तशीच राहिली होती. काल आईने स्वतः शेळी धरली आणि सुई माझ्या हातात दिली. "टोचा की. शेळीचं माप तरी पक्कं हाय न्हवं?" आणि हसली. मला रडू आलं.

तिने सोडून दिलंय. तू इतक्यात सोडू नकोस. आधी डॉक्टरांना सांग, मग मला काय बोलायचं ते बोल.

तुझ्या आईवर खोटं बोलायची वेळ आणणारा,
तुझा आप्पा