तुझं कार्ड फोरमनच्या उशीखाली होतं

प्रिय खिळ्या यास,

दूरवरून भिंगरीचा नमस्कार. तू बरा असशील, मावशीची कंबर बरी असेल आणि धाकटी पास झाली असेल असं धरून चालतो, कारण माझ्या आधीच्या दोन पत्रांना तू उत्तर दिलेलं नाहीस आणि धरून चालण्याशिवाय मला इलाज नाही. मी बरा आहे. (वजन उतरलंय, ते मावशीला सांगू नकोस. किंवा सांग.) हे तिसरं पत्र लिहायला कारण एक नाही, चौदा आहेत, आणि ते चौदाही रोज माझ्यासोबत जेवायला बसतात.

झालं असं की यंदा तुला नाताळचं कार्ड पाठवायचं मी ठरवलं. नऊ वर्षं नाताळला तुमच्याकडे जेवलो, यंदा पहिल्यांदा नाही, तर निदान कार्ड तरी. कारखान्यासमोर एक स्टेशनरीवाली बाई आहे. तिच्याकडून बर्फातल्या घराचं कार्ड घेतलं, आतून कोरं. ती म्हणाली, छापील मजकुराचं घ्या, सोपं जातं. मी म्हणालो, मला माझ्या मनातलं लिहायचंय. तिने माझ्या ग्रीस लागलेल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, "मग दोन घ्या." तिथेच ऐकायला हवं होतं.

आता माझं शिक्षण तुला माहीत आहे. सहावीच्या वर्गात मी बसलो कमी आणि बाहेर उभा जास्त राहिलो. चार दिवस कपाटांच्या पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर कच्चं लिहीत होतो. (आम्ही लोखंडी कपाटं करतो, हे आधीच्या पत्रात लिहिलंय, वाचलं असशील तर. त्यातला एक पुठ्ठा कपाटाला गुंडाळून गिऱ्हाइकाकडे गेला. त्यांनाही नाताळच्या शुभेच्छा.) शेवटी एवढंच जमलं: "मित्रा, चूक माझी होती. त्या दिवशी तुला तसंच टाकून मी पळालो, वळूनसुद्धा बघितलं नाही. तेव्हापासून घास गोड लागत नाही. शिव्या दे, पण बोल. नाताळच्या शुभेच्छा." जेवणाच्या सुट्टीत ते कार्डावर उतरवलं, शाई वाळावी म्हणून टेबलावर उघडं ठेवलं आणि हात धुवायला गेलो. इथे नळ एक, साबण अर्धा आणि माणसं चाळीस. अर्धा तास सहज जातो.

इथली एक पद्धत मी विसरलो. कुणी आजारी पडला की टेबलावर एक कार्ड उघडं ठेवतात आणि येणारा-जाणारा त्यावर दोन शब्द लिहून सही करतो. आणि पाचच दिवसांपूर्वी आमचा फोरमन प्रेस मशीनजवळ सांडलेल्या तेलावरून घसरून पाय मोडून घरी पडला होता. तेल कुणी सांडलं याची चौकशी झाली, सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, सगळे नाही म्हणाले. मीही नाही म्हणालो. मी परत येतो तर टेबल रिकामं. रंगारी दात कोरत म्हणाला, काळजी नको, तुझी सही राहिली होती, ती मीच टाकली, आणि वरचं तुझं आहे म्हणून बाण काढलाय. कार्ड ड्रायव्हरसोबत फोरमनच्या घरी गेलं होतं.

या फोरमनने वर्षभरात मला 'ए' याखेरीज हाक मारलेली नाही. त्याने रविवारी मला बोलावून घेतलं. पलंगावर प्लास्टरचा पाय, उशीखाली कार्ड, शेजारी त्याची बायको, तिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. त्याने माझा हात हातात घेतला आणि सोडेचना. म्हणाला, "पंचवीस वर्षांत चूक कबूल करणारा माणूस बघितला नव्हता रे. अरेतुरे केलंस, तेही चालेल." वहिनी डोळे पुसत होत्या. म्हणजे तेलाबद्दल मला माफी मिळाली. खिळ्या, तेल मी सांडलेलं नाही. न केलेल्या गुन्ह्याची माफी, न मागितलेल्या माणसाकडून, आणि ज्याच्याकडे मागितली त्याला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवसापासून वहिनींचा डबा सुरू झाला, कारण मला घास गोड लागत नाही. फोरमन दुपारी ऑफिसात फोन करून विचारायचा, जेवला का तो. चौदाही जणांनी मला जावईबापू म्हणायला सुरुवात केली. पत्रा कापणारा तर मी आलो की उठून जागा द्यायचा आणि रुमालाने खुर्ची पुसायचा.

आठ दिवस काढले. मग गेलो आणि सांगून टाकलं. हे कार्ड माझ्या दोस्ताचं आहे. दोघांना न्यायचं ठरलं होतं, ठेकेदाराच्या गाडीत ऐनवेळी जागा एकच निघाली, दोस्त केस कापायला गेला होता, कामावर नीटनेटकं दिसावं म्हणून, आणि मी त्याची वाट न बघता चढून बसलो. तो आला तेव्हा मानेवरचे केस झटकत बराच वेळ रस्त्यावर उभा होता, हे मला मागाहून माझ्या बहिणीकडून कळलं. हे सगळं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगितलं ते प्लास्टरला. फोरमन म्हणाला, "म्हणजे तेल?" म्हटलं, मी नाही. त्याने उशीखालून कार्ड काढलं, पुन्हा सबंध वाचलं आणि विचारलं, "त्याला हे अजून मिळालंच नाही?" नाही म्हटल्यावर कार्ड माझ्या अंगावर फेकलं. "मग इथे काय बसलायस, गाढवा?" डबा त्याच दिवशी बंद झाला.

तर ते कार्ड सोबत आहे. तुझ्या पायाला काही झालेलं नाही हे मला ठाऊक आहे, तरी चौदा जणांनी चौकशी केली आहे. 'तुम्ही नसलात की फार शांत वाटतं' हे रंगाऱ्याचं, त्याच्या मनात वाईट नव्हतं. 'एक तरी शाबूत आहे' हे स्टोअरवाल्याचं. कोपऱ्यातला चहाचा डाग वहिनींचा. तुझ्यासाठी आहे ते वरचं, बाणाजवळचं. दुसऱ्यांदा तसं लिहायला मला जमलं नाही, नाहीतर कोरं घेतलं असतं.

मावशीला नमस्कार, धाकटीला टपली.

तुझा (हे तू ठरव),
भिंगरी

ता.क. तेल मीच सांडलं होतं. तेलाचा डबा घेऊन धावत सुटलो होतो, नेहमीसारखा. वर पुसून लिहिणार होतो पण कागद एकच उरलाय. फोरमनला उद्या सांगतो. म्हणजे परवा नक्की.

ता.क. दुसरं. मी बसवलेली कपाटाची दारं लागत नाहीत. लागली तर उघडत नाहीत. फोरमन बिजागरीचा हात असलेला माणूस शोधतोय. त्या कामातलं मी तुझ्याकडून अर्धंच शिकलो, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. महिनाअखेरपर्यंत नाव द्यायचं आहे. तुझं नाव माझ्या तोंडावर आलं होतं, पण दिलेलं नाही. या वेळी आधी विचारतोय, येतोस का? यायचं नसेल तर नाही म्हण, पण ते लिहून कळव.