थर्मासचं झाकण

अहो,

हे तुम्हाला देणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लेकीला कॅन्सर निघाल्यापासून आपण दोघं एकमेकांशी किती गोड बोलायला लागलो! परवा सलाईन चालू असताना तिने विचारलं, "आई, तुम्ही हल्ली भांडत का नाही? मी फार आजारी आहे का?" मग तुम्ही थर्मासच्या झाकणावरून मुद्दाम आवाज चढवलात, मीही तुमचं अख्खं खानदान काढलं. पोरगी खुदकन हसली आणि निवांत झोपली.

आज डॉक्टरांनी आपल्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, आता औषधांचा उपयोग नाही. तेव्हापासून तुम्ही मला हळू आवाजात "बस, पाणी पी" म्हणताय.

ती जागी व्हायच्या आत माझी एखादी चूक काढा हो. मला तुमची एकही सापडत नाहीये.

तुमची भांडकुदळ