चौथा ग्लास

प्रिय नकटे,

दोन वर्षांनी या नावाने हाक मारतोय, रागावू नकोस. एवढ्याशा नाकात एवढे वास मावतात कसे, म्हणून मीच तुला चिडवायचो. तू चष्म्याच्या दुकानात लागलीस, दिवसभर काचा पुसतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. ऐकून जेवण गेलं नाही.

मी अजून तळघरातल्या त्याच टेबलाशी वाइन चाखायला शिकवतो. नवी पोरं घोकंपट्टी करतात. गुलाब आणि लिचीचा वास, रंगात गुलाबी झाक, शेवटी जिभेवर कडवटपणा, म्हणजे गेवुर्त्सट्रामिनर द्राक्षाची वाइन. नुसता ताज्या द्राक्षाचा वास, म्हणजे मस्कॅट. तू कधी घोकलं नाहीस. डोळे मिटून हुंगायचीस आणि सांगून मोकळी व्हायचीस.

परीक्षेतही तेच केलंस. नावं दिसू नयेत म्हणून बाटल्यांवर कापडी पिशव्या मीच चढवल्या होत्या, ग्लास मीच भरले होते. चौथ्याला तू मस्कॅट म्हणालीस, माझ्या उत्तरांच्या कार्डावर गेवुर्त्सट्रामिनर होतं. पुन्हा वास घेऊन बघा, म्हणून तू अडून बसलीस. मी हुंगलं, घोटही घेतला, आणि सगळ्यांदेखत सांगितलं की गुलाब अगदी स्वच्छ येतोय. तुझा चेहरा पडला. आपलंच नाक आपल्याला फसवतं, तर हे काम करायचं कशाच्या भरवशावर, असं म्हणून तू गेलीस ती गेलीसच.

त्याआधीच्या हिवाळ्यात मी तापाने पडलो होतो, आठवतं? ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. दूध करपून घरभर धूर झाला तरी मी पेपर वाचत बसलो होतो. बायकोने धावत येऊन गॅस बंद केला. नोकरी जाईल या भीतीने कोणाला बोललो नाही. कार्ड बघून वास सांगत राहिलो. पूर्वी बाटली उघडली की आधी हुंगून खात्री करायचो, ते आता नावापुरतं उरलं होतं. तुझ्या चौथ्या ग्लासात कडवटपणा नव्हता, हे जिभेला कळलं होतं. तिचंही मी ऐकलं नाही.

परीक्षेच्या संध्याकाळी पिशव्या काढल्या. कपाटात शेजारीशेजारी उभ्या दोन सारख्याच उंच बाटल्यांतली मी घाईत चुकीची उचलली होती. ती धुऊन ठेवली आणि तोंड शिवून घेतलं. आज सकाळी परीक्षा मंडळाला सगळं लेखी कळवलंय. माझं नाव कापतील, कापू देत. माफी मागायला तोंड नाही, तुझी दोन वर्षं मी कुठून आणून देऊ? दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. चौथ्या ग्लासात मस्कॅटच होती.

तुझाच,
नाक गेलेला मास्तर