डिझेलमधले बुडबुडे

म्हैसूर, शनिवार, संध्याकाळ

उद्या सरगूरच्या सभेत माझं भाषण, पोहोचायलाच हवं, आणि जीप चढावर बंद पडते. इंजिनला डिझेल पुरवणारा पंपच खराब, असं मी महिनाभर ठणकावून सांगत होतो. नवा बसवला, तरी परवा हुणसूरच्या वाटेवर थांबलीच.

आज लष्कर मोहल्ल्यातल्या गणोजी मेस्त्रींनी डिझेलच्या वाटेत पारदर्शक नळी जोडली. मी पुन्हा पंपावर घसरलो.

"सर, सभा उद्या हाय. आता सुम्ने, गप बघा."

नळीतून बुडबुडे संथ वर जात होते, उन्हात सोनेरी. किती वेळ पाहत राहिलो? जुन्या रबरी पाइपला केसाएवढी चीर होती. तिथून हवा शिरत होती, म्हणून चढावर इंजिनला डिझेल पुरत नव्हतं. पाइप बदलला, बुडबुडे थांबले. ते दिसेनासे झाले याचं जरा वाईटच वाटलं.

आता जीप पोहोचेल. भाषणातलं पहिलं, सर्वांत ठाम वाक्य मात्र मघाशी खोडलं; तेही पंपाइतक्याच खात्रीनं लिहिलं होतं.