एका मुलामागे एकच आजी

३ मार्च, सोमवार
बालवाडीतून चिठ्ठी आली. 'आपण सारे वेगळे' असा कार्यक्रम. एकवीस तारखेला प्रत्येक मुलानं एक आजी किंवा आजोबा आणायचे, त्यांनी आपली काही कला दाखवायची. खोली लहान, म्हणून एका मुलामागे एकच.
आमच्या लिटियाला आज्या दोन. पण प्रश्नच नाही. छत्तीस वर्षं मी पोरं शिकवली. कॉन्व्हेंटचं वळण, लेवुका गावात काय, अख्ख्या फिजीत माझ्यासारखं अक्षर नाही. दुसरी आजी म्हणजे विहीणबाई मेरेसेनी. चटया विणतात.

५ मार्च
मुलीला, बर्नीला, फोन केला. म्हणाली, कोणाला न्यायचं ते लिटिया ठरवेल. पाच वर्षांची पोर ठरवणार. आमच्या वेळी सिस्टर अल्फोन्सा ठरवायच्या आणि देवसुद्धा गप्प बसायचा.
मला फरक पडत नाही. शनिवारी लिटिया येईल तेव्हा स्कोन भाजते, लोण्याचे गोड पाव.

८ मार्च, शनिवार
लिटिया आली. स्कोन अर्धा खाल्ला. बुबूचा तळलेला पाव जास्त छान असतो म्हणाली. बुबू म्हणजे मेरेसेनी. तासाभरात बुबूचं नाव अकरा वेळा निघालं. मी मोजत नव्हते.
चित्र काढताना खडू पुन्हा डाव्या हातात. मी प्रेमानं उजव्यात दिला. तिनं डाव्यात घेतला. मी उजव्यात दिला. शेवटी तिला चित्र काढायचाच कंटाळा आला. हट्टी. बापाच्या घरचं.
मीही लहानपणी डावखुरीच होते. सिस्टर अल्फोन्सांनी पट्टीनं सहा महिन्यांत बरी केली. आजही त्यांचे उपकार मानते.

११ मार्च, रात्री
तक्ता सुरू. वर मोठ्या अक्षरात: 'प्रत्येक मूल वेगळं, प्रत्येक मूल सुंदर.' खाली सहा बाहुल्या, सहा रंगांच्या. भाषण वीस मिनिटांचं. मुलांना भिन्नता कशी साजरी करावी हे कोणीतरी नीट, शिस्तीत शिकवायला हवं.

१४ मार्च, शुक्रवार
बाजारात विहीणबाई भेटल्या. केळीच्या पानांचा भारा डोक्यावर, पायात काही नाही. हसून म्हणाल्या, "विहीणबाई, पोरीनं मला बोलावलंय हो. मी काय बोलणार तिथे? तुम्हीच जा ना." किती कावेबाज नम्रता. मी म्हटलं, छे छे, जा की, मला वेळही नाही. घरी येऊन दोन कप फोडले. चुकून.

१५ मार्च
ठरवलं: १) मत्सर हे पाप आहे, आणि मला तो नाही. २) बालवाडीच्या आरिएता बाईंना फक्त तक्ता दाखवून यायचं.

१७ मार्च, सोमवार
गेले. आरिएता ही माझीच जुनी विद्यार्थिनी, अजून मला घाबरते. तक्ता तिनं वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग म्हणाली, मेलीनच्या दोन्ही आज्या हाँगकाँगला आहेत, तिच्यासाठी कोणीच नाही, तुम्ही याल का? मेलीन म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानदाराची मुलगी. मी उपकार केल्यासारखं हो म्हटलं. शेवटी मला बोलावल्याशिवाय त्यांचं चालेना.

२१ मार्च, शुक्रवार. दुपार
लिहायचं नव्हतं.
सगळे जमिनीवर चटईवर बसलेले. बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यावरून उभं राहून बोलायचं नाही, हे आमच्या बेटावर रांगत्या पोरालाही कळतं. तक्ता मात्र मी उभं राहून दाखवायच्या उंचीचा केलेला. बसले. गुडघे कडाडले. तक्त्याच्या मागे मी, पुढे बाहुल्या. एक पोरगा विचारत होता, आजी कुठे गेली.
मेरेसेनीबाई काही बोलल्याच नाहीत. केवड्याच्या पानांच्या पट्ट्या पसरल्या आणि विणू लागल्या. ज्या मुलांना उजवीकडून जमेना त्यांना समोर बसवलं, म्हणाल्या, "तू तिकडून ये, मी इकडून येते, मधे भेटू." लिटिया समोर होती. डावा हात सरसर चालला होता. तिचं विणणं सगळ्यांत सरळ. एवढं हसताना मी तिला माझ्या घरी कधी पाहिलं नाही.
मग ओळख करून द्यायची वेळ आली. मेलीन माझा हात धरून म्हणाली, "ही लिटियाची उरलेली आजी."
आरिएतानं घाईघाईनं विचारलं, आजीला काय काय येतं?
मेलीननं लिटियाकडे पाहिलं. लिटियानं तिच्या कानात सांगितलं.
"ही मुलांचे हात बदलते."
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. उठता येईना, तेव्हा विहीणबाईंनी काखेत हात घालून मला उठवलं. "मलाही लहानपणी डाव्या हातावर मारलं होतं," असं माझ्या कानात म्हणाल्या. मी म्हटलं, मला कोणी मारलं नाही.

२१ मार्च, संध्याकाळ
तक्ता कपाटामागे. मागची बाजू कोरी होती, वाया जाऊ नये म्हणून पेन्सिल घेतली. डाव्या हातात. नुसतं बघायला.
माझं नाव लिहिलं. पहिलं अक्षर आरशातल्यासारखं उलटं आलं.