ओमीने माइकवर मारलेली हाक

पुणे, ४ डिसेंबर २००९

ओमेश्वरीच्या बाबांना सप्रेम नमस्कार,

मी इथे ओमीकडे मजेत आहे. धान चुरून झाले का, मळणी उरकली का? खोकला कसा आहे?

साउंडचे काम शिकणाऱ्या लेकीचा फोन तुम्ही उचलत नाही. म्हणता, ‘पोरीनं कायले वायरी ओढाव्या?’

काल कार्यक्रमाआधी ओमी नाट्यगृहात माइक तपासत होती. मला शेवटच्या रांगेत बसवून म्हणाली, “ऐकू आलं की हात वर कर.” मी शाळेतल्यासारखी ताठ बसले.

सगळे माइकवर ‘वन, टू, थ्री’ म्हणतात. ही म्हणाली, “ओमे, शिदोरी आण वं, भूक लागून राहिली!”

ती लहान असताना शेताच्या बांधावरून तुम्ही तिला मारायचात तीच हाक. मी हात वर करायचेच विसरले.

रविवारी तिचा फोन उचला. ओरडू नका, हळू बोललात तरी तिला ऐकू येते.

तुमचीच
प्रेमिला